गिऱ्हाईक नावाने नाही, गुणाने मागतं: वेगवेगळ्या गुणांच्या मालाची यादी डेटाबेसमध्ये कशी लावायची आणि कशी शोधायची

स्टॉकच्या व्हिडिओनंतर सगळ्यात जास्त आलेला प्रश्न असा होता: "सर, माझ्याकडे पाच प्रकारचा माल आहे, प्रत्येकाची माहिती वेगळी. मग एक्सेलमध्ये कॉलम किती करू?" व्हिडिओत उत्तर थोडक्यात दिलं होतं. इथे ते पायरी-पायरीने, उदाहरणासकट लिहितो. वही-पेन घेऊन बसा.

आपल्या शहरातलंच उदाहरण घेऊ. अजिंठा-वेरूळला येणारा पर्यटक आणि लग्नसराईतलं घरचं गिऱ्हाईक, दोघांनाही लागणाऱ्या तीन वस्तू एकाच दुकानात ठेवायच्या आहेत असं समजा: पैठणी, हिमरू शाल आणि बिदरीची भांडी. पैठणी म्हणजे पैठण आणि येवल्याची, भौगोलिक मानांकन मिळालेली. हिमरू म्हणजे सूत आणि रेशीम एकत्र विणलेलं आपल्या शहराचं कापड. १३२७ च्या सुमारास मुहम्मद तुघलकाने राजधानी दौलताबादला हलवली, तेव्हा विणकरांबरोबर ही कला इकडे आली असं सांगितलं जातं. आणि बिदरी म्हणजे जस्त-तांब्याच्या काळ्या भांड्यावर चांदीचं जडावकाम. ती मूळची बिदरची, पण आपल्याकडेही विकली जाते.

आता गिऱ्हाईक काय म्हणतं ते ऐका. "एकशे तीन नंबरची साडी दाखवा" असं कोणी म्हणत नाही. म्हणतं, "हातमागाची हवी, पदरावर बांगडीमोर पाहिजे, रंग जांभळा नाहीतर मोरपंखी, आणि पंचवीस हजारांच्या आत." दुसरं म्हणतं, "फुलदाणी दाखवा, दहा इंचापेक्षा उंच, तारेचं काम असलेली." म्हणजे गिऱ्हाईक गुण सांगतं आणि आपण त्यावरून वस्तू शोधायची. वीस साड्या असतील तर हे डोक्यात राहतं. पाचशे नग झाले, दुकानात दोन मुलं कामाला आली, ऑनलाइन विक्री सुरू झाली, की डोकं पुरत नाही. कपाटात साडी असते, गल्ल्यावरचा मुलगा "नाही" म्हणतो आणि गिऱ्हाईक पुढच्या दुकानात जातं. विक्री गेली ती गेलीच, वर साडीत अडकलेला पैसाही तसाच पडून राहिला.

पहिला विचार: प्रत्येक गुणाला एक कॉलम

सगळे इथूनच सुरुवात करतात. पैठणीसाठी विणकाम, काठ, पदर, अंगाचा रंग, काठाचा रंग, जर. हिमरूसाठी लांबी, रुंदी, नक्षी, रंग, धाग्याचं मिश्रण, झालर. बिदरीसाठी वस्तूचा प्रकार, उंची, व्यास, वजन, जडावकाम, नक्षी.

हिशोब करून बघू. प्रत्येक प्रकाराचे ६ गुण धरले आणि प्रत्येकाला वेगळा कॉलम दिला, तर ३ प्रकारांचे १८ कॉलम झाले. माल ५०० नग. म्हणजे ९,००० चौकटी. पण एका नगाला त्याच्या प्रकाराचे ६ च गुण लागू असतात. त्यामुळे भरलेल्या चौकटी ३,००० आणि रिकाम्या ६,०००. फुलदाणीच्या ओळीत "पदर" रिकामा, साडीच्या ओळीत "व्यास" रिकामा.

रिकाम्या चौकटींनी फार नुकसान होत नाही. खरी अडचण पुढे येते. उद्या तुम्ही कोल्हापुरी चपला ठेवल्या, की आणखी चार कॉलम. परवा तांब्याची भांडी, आणखी पाच. प्रत्येक वेळी सॉफ्टवेअरवाल्याला फोन, प्रत्येक वेळी स्क्रीन बदला, फॉर्म बदला, रिपोर्ट बदला. शिवाय डेटाबेसलाही मर्यादा असते. मायएसक्यूएलच्या इनोडीबी पद्धतीत एका टेबलला जास्तीत जास्त १,०१७ कॉलम चालतात. आपण तिथवर जाणार नाही, पण हजारो प्रकार विकणारे जातात. म्हणून त्यांनी वेगळी वाट काढली आणि तीच आपल्यालाही उपयोगी आहे.

दुसरा विचार: गुण आडवा नको, उभा लिहा

रिलेशनल डेटाबेसची कल्पना आयबीएममधल्या एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडली. माहिती टेबलांत ठेवायची आणि एका टेबलातली ओळ दुसऱ्या टेबलाशी क्रमांकाने जोडायची, हे त्याचं साधं सूत्र. त्याच सूत्रावर आपण तीन टेबलं करू.

टेबल १, माल: माल क्रमांक, प्रकार, किंमत, शिल्लक नग, एचएसएन कोड. जे प्रत्येक वस्तूला असतंच, ते इथे आणि कॉलममध्येच.

टेबल २, गुण: गुण क्रमांक, गुणाचं नाव, तो मजकूर आहे की अंक, अंक असेल तर एकक कोणतं.

टेबल ३, मालाचे गुण: माल क्रमांक, गुण, मोल. एका वस्तूचा एक गुण म्हणजे एक ओळ. "मोल" म्हणजे त्या गुणापुढे आपण जे भरतो ते. इथे किंमत असा अर्थ घेऊ नका.

तिसरं टेबल असं दिसेल:

१०१ | विणकाम | हातमाग
१०१ | पदर | बांगडीमोर
१०१ | रंग | जांभळा
१०२ | विणकाम | हातमाग
१०२ | पदर | आसावली
१०२ | रंग | जांभळा
१०३ | विणकाम | यंत्रमाग
१०३ | पदर | बांगडीमोर
१०३ | रंग | जांभळा
१०३ | रंग | मोरपंखी

१०३ नंबरला रंगाच्या दोन ओळी का? ती धूपछाँव साडी आहे. ताण्याचा रंग एक, बाण्याचा दुसरा, उजेडात दोन्ही दिसतात. आडव्या कॉलमच्या पद्धतीत हे दोन रंग एका चौकटीत कोंबावे लागले असते. इथे एक ओळ वाढवली की झालं.

उद्या कोल्हापुरी चपला आल्या तर कॉलम एकही वाढत नाही. "गुण" टेबलात "माप" आणि "चामडं" अशा दोन ओळी टाकायच्या आणि चपलांचे गुण भरायला लागायचं. सॉफ्टवेअरवाल्याला फोन नाही. रुग्णालयांच्या संगणकीय नोंदींत ही पद्धत १९७० च्या दशकापासून वापरात आहे, कारण तिथेही हेच आहे: तपासण्या शेकडो, पण एका रुग्णाच्या त्यातल्या मोजक्याच. आणि मोठमोठी ऑनलाइन दुकानं ज्यावर चालतात त्या मॅजेन्टो सॉफ्टवेअरमध्येही मालाचे गुण असेच ओळींत ठेवतात.

आता खरा धडा: शोधायचं कसं?

लावणं सोपं आहे. शोधताना नवीन माणूस हमखास अडकतो, म्हणून हा भाग दोनदा वाचा.

गिऱ्हाईकाला हातमाग आणि बांगडीमोर असं दोन्ही हवं आहे. आपण सहज लिहून जातो: "अशी ओळ दाखव जिथे मोल हातमाग आहे आणि मोल बांगडीमोर आहे." उत्तर शून्य येतं, साडी दुकानात असूनसुद्धा! कारण डेटाबेस एका वेळी एकच ओळ तपासतो. एका ओळीत एकच मोल असतं. कुठलीच ओळ एकाच वेळी हातमागही आणि बांगडीमोरही असू शकत नाही.

मग उपाय? शाळेतल्या गुणपत्रिकेसारखा विचार करा. आधी कुठलीही एक अट पूर्ण करणाऱ्या सगळ्या ओळी गोळा करा. मग माल क्रमांकाप्रमाणे गठ्ठे लावा. ज्या गठ्ठ्यात सगळ्या अटींच्या टिका पडल्या, तो पास. मागणी तीन गुणांची आहे, तर तीन टिका हव्यात. एसक्यूएलमध्ये ते असं वाचलं जातं (टाइप करताना हे शब्द इंग्रजी लिपीत करायचे):

सिलेक्ट माल_क्रमांक
फ्रॉम मालाचे_गुण
व्हेअर (गुण = 'विणकाम' अँड मोल = 'हातमाग')
ऑर (गुण = 'पदर' अँड मोल = 'बांगडीमोर')
ऑर (गुण = 'रंग' अँड मोल इन ('जांभळा', 'मोरपंखी'))
ग्रुप बाय माल_क्रमांक
हॅविंग काउंट(डिस्टिंक्ट गुण) = ३

"ऑर" ने ओळी गोळा झाल्या, "ग्रुप बाय" ने गठ्ठे लागले, "हॅविंग" ने टिका मोजल्या. आता वरच्या दहा ओळींवर हाताने चालवून बघा.

१०१: हातमागाची टीक, बांगडीमोराची टीक, रंगाची टीक. तीन. पास.
१०२: हातमाग आणि रंग. पदर आसावली. दोन. नापास.
१०३: बांगडीमोर, जांभळा, मोरपंखी. ओळी तीन, पण गुण दोनच: पदर आणि रंग. नापास.

"डिस्टिंक्ट गुण" हे दोन शब्द का लागतात, ते १०३ वरून कळतं. आपण नुसत्या ओळी मोजल्या असत्या, तर १०३ च्या तीन ओळी भरल्या असत्या आणि ती पास झाली असती. म्हणजे हातमाग मागणाऱ्या गिऱ्हाईकासमोर यंत्रमागाची साडी "हातमागाची" म्हणून उघडली गेली असती. पैठणीत हातमाग आणि यंत्रमाग यांच्या किमतीत किती फरक असतो ते तुम्हाला माहीत आहे. दुकानाचं नाव तर जाईलच, पण ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे मालाचं खोटं वर्णन करणं ही अनुचित व्यापार प्रथा ठरते. दोन शब्द विसरल्याची ही किंमत आहे. तुमचं सॉफ्टवेअर दुसरा कोणी बनवत असेल, तर त्याच्याकडून धूपछाँव साडीचं हे उदाहरण चालवून घ्या. पाच मिनिटांत कळेल.

किंमत आणि शिल्लक "माल" टेबलात आहेत. म्हणून पास झालेले क्रमांक माल टेबलाला जोडायचे आणि दोन अटी लावायच्या: किंमत २५,००० किंवा कमी, शिल्लक शून्यापेक्षा जास्त. विकून गेलेली साडी दाखवण्यात काय अर्थ?

"नाही" म्हणण्याआधी

दुकानदार म्हणून मला या पद्धतीतली सगळ्यात आवडलेली गोष्ट ही आहे. शेवटची "हॅविंग" ओळ काढा आणि त्याऐवजी टिकांच्या संख्येप्रमाणे मोठ्याकडून लहानाकडे क्रम लावा. आता तीन टिकांचा माल वर, दोन टिकांचा खाली. तीनपैकी तीन नसेल, तर मुलगा म्हणू शकतो, "ताई, हातमाग आणि जांभळा आहे, फक्त पदर आसावलीचा आहे, बघता का?" जुना जाणता सेल्समन हेच तर करतो. पण कुठल्या गुणावर तडजोड चालेल ते गिऱ्हाईकाला ठरवू द्या. "विणकाम" या गुणावर आपण स्वतःहून तडजोड करायची नाही, आणि जे जुळत नाही ते तोंडाने सांगायचं.

चार नियम, नाहीतर सगळं फुकट

१. मोल ठरलेल्या यादीतूनच निवडा. एक मुलगा "जांभळा" लिहितो, दुसरा "जांभळी", तिसरा "पर्पल", चौथा "वांगी कलर". डेटाबेससाठी हे चार वेगळे रंग आहेत. तुम्ही शोधाल एक, बाकीचे तीन कपाटात झोपतील. म्हणून रंग, काठ, पदर, जडावकाम यांच्या याद्या आधी करा आणि भरताना हाताने लिहायची सोयच ठेवू नका. गिऱ्हाईकाचे शब्द वेगळे असतील तर "पर्पल म्हणजे जांभळा" अशी समानार्थी शब्दांची छोटी यादी वेगळी ठेवा.

२. अंक अंकासारखेच ठेवा. फुलदाणीची उंची मजकूर म्हणून लिहिली तर तुलना अक्षरांची होते. १२ चं पहिलं अक्षर १, ते ९ च्या आधी येतं, म्हणून १२ इंचांची फुलदाणी ९ इंचांच्या फुलदाणीपेक्षा लहान ठरते! यासाठी तिसऱ्या टेबलात मोलाचे दोन कॉलम करा: मजकूर-मोल आणि अंक-मोल. मॅजेन्टोमध्ये तर मजकूर, पूर्णांक, दशांश आणि तारीख यांची टेबलंच वेगवेगळी आहेत. एककही एकच ठरवा. इंच म्हणजे सगळीकडे इंच. काही इंचात, काही सेंटिमीटरमध्ये, असं नको.

३. जो गुण भरलाच नाही, तो कधीच सापडणार नाही. ओळच नसेल तर टीक कशी पडणार? म्हणून प्रत्येक प्रकाराला कोणते गुण सक्तीचे, त्याचं एक चौथं छोटं टेबल करा. मग "सक्तीच्या गुणांपैकी एखादा राहिलेला माल" असा रिपोर्ट काढता येतो. दर आठवड्याला तो बघायचा. यादी रिकामी झाल्याशिवाय नवीन खरेदीचा माल मांडायचा नाही.

४. सगळंच उभं लिहू नका. ही पद्धत हाती लागली की काहींना किंमत, शिल्लक, एचएसएन सगळं गुणांत टाकावंसं वाटतं. तसं करू नका. सगळ्या वस्तूंना सारखं लागू असणारं आणि रोजच्या हिशोबात येणारं कॉलममध्येच राहू दे. किंमत रिकामी चालणार नाही, शिल्लक उणे चालणार नाही, असे पहारे डेटाबेस कॉलमवर सहज बसवतो. उभ्या ओळींवर ते नीट बसत नाहीत.

आणखी एक बारीक गोष्ट. हाताने विणलेल्या दोन पैठण्या अगदी एकसारख्या क्वचितच असतात, म्हणून तिथे प्रत्येक साडीला स्वतंत्र माल क्रमांक द्या. कारखान्यातून आलेल्या एकसारख्या मालाला एक क्रमांक आणि शिल्लक २० असं चालतं.

वेग आणि दुसरे पर्याय

५०० नग, प्रत्येकी ६ गुण, म्हणजे जेमतेम ३,००० ओळी. डेटाबेसला हे काहीच नाही. पण माल वाढला तर तिसऱ्या टेबलावर इंडेक्स करून घ्या, गुण, मोल, माल क्रमांक याच क्रमाने. पुस्तकाच्या मागच्या सूचीसारखं काम होतं: आधी गुण उघडा, त्यात मोल, आणि समोर क्रमांक. सूचीशिवाय प्रत्येक शोधाला सगळं पुस्तक पहिल्या पानापासून चाळावं लागतं.

काही प्रोग्रामर प्रत्येक गुणासाठी तेच टेबल पुन्हा-पुन्हा जोडतात. उत्तर बरोबर येतं, पण मायएसक्यूएलमध्ये एका जोडणीत ६१ पेक्षा जास्त टेबलं येऊ शकत नाहीत, आणि अटी वाढतील तशी मांडणी वाचायला अवघड होते. टिका मोजण्याच्या पद्धतीत फक्त एक "ऑर" वाढतो.

तिसरा मार्ग जेसनचा: वस्तूचे सगळे गुण एकाच कॉलममध्ये गुंडाळून ठेवायचे. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये जेसनबी २०१४ पासून आहे, मायएसक्यूएलमध्ये जेसन २०१५ पासून. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये त्यावर इंडेक्सही करता येतो. जोडण्या कमी होतात, हे खरं. पण "जांभळा-जांभळी" चा गोंधळ तिथे आणखी सहज शिरतो. यादीची शिस्त तुम्हालाच पाळावी लागते.

वू-कॉमर्सवर दुकान काढणार असाल तर एवढं लक्षात ठेवा. तिथे गुण दोन तऱ्हेने टाकता येतात: सगळ्या दुकानासाठी एकदाच ठरवलेले, किंवा त्या एका वस्तूच्या पानावर तात्पुरते लिहिलेले. गिऱ्हाईकाला डाव्या बाजूला जी "रंग निवडा, माप निवडा" अशी चाळणी दिसते, ती पहिल्या तऱ्हेवर चालते. घाईत दुसऱ्या तऱ्हेने टाकलेले गुण पानावर दिसतात, पण चाळणीत येत नाहीत.

मग तुम्ही काय करायचं?

एकच प्रकारचा माल आणि दोनशेपर्यंत नग असतील, तर एक्सेल आणि त्याचा फिल्टर पुरे. सॉफ्टवेअरवर पैसे घालू नका. फक्त रंगासारख्या कॉलमला निवडीची यादी लावा. तीन-चार प्रकार, वाढणारा माल आणि ऑनलाइन विक्री असेल, तर वरची मांडणी करा किंवा करून घ्या.

सॉफ्टवेअरवाल्याला पैसे देण्याआधी हे चार प्रश्न विचारा. नवीन गुण मी स्वतः वाढवू शकतो का? मोल यादीतून निवडलं जातं की हाताने लिहिलं जातं? एका वस्तूला दोन रंग देऊन तीन अटींचा शोध बरोबर येतो का? गुण राहिलेल्या मालाची यादी निघते का? चारही उत्तरं स्क्रीनवर करून दाखवायला लावा, तोंडी घेऊ नका.

गृहपाठ: आज दुकान बंद करण्याआधी गेल्या आठवड्यात गिऱ्हाईकांनी मागितलेल्या दहा गोष्टी आठवून, त्यांच्याच शब्दांत लिहा. प्रत्येकीतले गुण अधोरेखित करा. दोनदा आलेला प्रत्येक गुण तुमच्या "गुण" टेबलातली एक ओळ आहे. दुकान अजून सुरू व्हायचं असेल, तर गुलमंडी किंवा पैठण गेटच्या बाजारात तासभर उभे राहून लोक काय आणि कसं मागतात ते ऐका. पुढच्या व्हिडिओत याच यादीवरून आपण खरेदी कशी ठरवायची ते बघू, म्हणून वही जपून ठेवा.